विझलेल्या दिव्यातली वीज

ऑगस्टमधली बहरीनची रात्र ओली असते. पाऊस नसतो, ढगही नसतात, पण समुद्रावरून येणारी वाफ भिंतींना, कठड्याला, माणसाच्या पाठीला चिकटून बसते. अशाच एका रात्री गुदैबियातल्या एका जुन्या तीन मजली इमारतीच्या जिन्यात आम्ही दोघं उभे होतो. मी आणि रत्नागिरीकडचा एक मुलगा. त्याला इथं येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मधल्या मजल्यावरचा दिवा लुकलुकत होता, तो बदलायचा होता. मुलानं भिंतीवरचं बटण दाबलं. टक. दिवा विझला. त्यानं ॲल्युमिनियमची शिडी लावली, भराभर चढला आणि होल्डरकडे हात नेला.

“थांब,” मी म्हणालो.

“काका, स्विच बंद केलाय.”

“दिसतंय मला. तरी खाली ये.”

तो उतरला. मी गाडीतून फायबरची शिडी आणली, हातमोजे चढवले आणि दिवा काढला. मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या तळातल्या पत्तीला लावली, दुसरी अर्थिंगला. 232 व्होल्ट. मग तीच पिन होल्डरच्या पितळी आट्यांना लावली. पुन्हा 232. बटण बंद, दिवा विझलेला आणि होल्डरची दोन्ही टोकं जिवंत. मुलगा खालून मीटरकडे बघत राहिला.

“पण दिवा तर बंद होता,” तो हळू आवाजात म्हणाला.

आमच्या धंद्यातले बहुतेक गैरसमज या एका वाक्यात मावतात. गेली वीसेक वर्षं मी बहरीनमध्ये देखभालीचं काम करतो आहे. या काळात जितक्या चुकीच्या जोडण्या पाहिल्या, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या ठिकाणी दिवा व्यवस्थित लागत होता आणि व्यवस्थित विझत होता. विजेच्या कामातली चूक पुष्कळदा काम अडवत नाही. सुताराचं दार वाकडं झालं तर ते लागत नाही, गवंड्याची भिंत कललेली डोळ्यांना दिसते. इलेक्ट्रिशियनची चूक मात्र बरोबर कामासारखीच दिसते, आणि वर्षानुवर्षं तशीच दिसत राहते.

त्या जिन्यात काय केलं होतं ते सांगतो. जिन्याच्या दिव्याला दोन बटणं लागतात, एक खाली, एक वर. आयटीआयमध्ये आम्ही त्याला स्टेअरकेस वायरिंग म्हणून शिकतो. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, एका टू-वे स्विचच्या मधल्या टोकाला द्यायची, दोन स्विचमध्ये दोन तारा ओढायच्या, दुसऱ्या स्विचच्या मधल्या टोकावरून तार दिव्याला न्यायची, आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, थेट दिव्याला द्यायची. यात दिवा विझतो तेव्हा होल्डरपाशी फेज उरत नाही. पण एक दुसरी रीतही आहे. दोन्ही स्विचना जवळच्या बोर्डातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही द्यायच्या आणि दिवा त्या दोन स्विचच्या मध्ये टांगायचा. तार वाचते, भिंत कमी फोडावी लागते. एक बटण फेजवर आणि दुसरं न्यूट्रलवर असलं की दिवा लागतो. दोन्ही न्यूट्रलवर असली तर विझतो. आणि दोन्ही फेजवर असली तरीही विझतो, कारण दोन्ही टोकांना सारखाच दाब असला की वीज वाहायला कारणच उरत नाही. त्या वेळी दिवा अंधारात असतो आणि त्याचं प्रत्येक टोक मात्र भरलेलं असतं. तिथं हात लावणारा माणूस विजेला जमिनीपर्यंत जायची वाट करून देतो.

ही जोडणी कुणी केली, ते कळायला मार्ग नव्हता. तो मलबारचा असेल, पंजाबचा असेल, आपल्या कोकणातलाही असेल. करार संपवून तो केव्हाच घरी गेला असेल. त्याच्या मनात कुणाला इजा करायचं नव्हतं. त्यानं दोन्ही बटणं चार-चार वेळा दाबून पाहिली असतील, प्रत्येक वेळी दिव्यानं हुकूम पाळला असेल, आणि समाधानानं त्यानं बोर्डाचे स्क्रू आवळले असतील.

माझ्या लहानपणी आमच्या गावात वीज मंडळाचे खांब आले. घराच्या आढ्यावरून लाकडी पट्ट्यांवर तारा खिळवलेल्या, भिंतीवर गोल लाकडी ब्लॉक आणि त्यावर काळा, गोल, बोंडासारखी दांडी असलेला स्विच. वायरमनमामांनी पहिल्यांदा तो खाली ओढला तेव्हा ओटीवर उजेड पडला आणि आजीनं दिव्याला हात जोडले. मामांना चहा मिळाला, पैसे मिळाले. त्या स्विचमधून फेज जाते की न्यूट्रल, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं आयटीआयमध्ये आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात फळ्यावर दोन चित्रं काढली. एकात स्विच फेजवर होता, दुसऱ्यात न्यूट्रलवर. “दिवा दोन्हींत लागतो, दोन्हींत विझतो. मग फरक काय?” वर्गातल्या आम्हा सगळ्यांचं उत्तर एकच होतं: काही नाही. सर म्हणाले, “फरक दिव्याला नाही, दिव्याला हात लावणाऱ्याला आहे.”

हा फरक कायद्यानंही फार पूर्वी ओळखला आहे. भारतीय विद्युत नियम, 1956 मधला बत्तिसावा नियम सांगत होता की अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा स्विच किंवा फ्यूज बसवू नये. बसवायचाच तर फेजबरोबर एकाच वेळी तुटणारा जोडस्विच हवा. 2010 साली ते नियम बदलले, 2023 साली पुन्हा नवे आले, पण हे तत्त्व बदललं नाही. बहरीनमध्ये गिझरसाठी न्हाणीघराबाहेर जो लाल दिव्याचा डबल पोल स्विच असतो, तोही याच विचारातून आलेला आहे.

तरीही जाणत्या हातांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे, “एसी करंट आहे, सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतोय, मग फेज काय आणि न्यूट्रल काय?” हा गैरसमज अर्धवट ज्ञानातून येतो आणि म्हणूनच तो हट्टी असतो. प्रवाह उलटसुलट होतो हे खरं आहे. पण ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला बांधलेली असते. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती आणि न्यूट्रल या एका घरच्या आहेत, फेज परक्या घरची आहे. दिव्याला दोन्ही तारा सारख्या वाटतात, कारण दिवा जमिनीवर उभा नसतो. माणूस उभा असतो.

या गैरसमजाला आपल्याकडच्या एका साध्या वस्तूनं पोसलं, असं मला वाटतं. भारतात आपण दोन पिनांचा, दाबून फिरवायचा होल्डर वापरत आलो. त्यात दोन्ही पिना सारख्याच, दोन्ही खोल, कुठलीही तार कुठल्याही पिनेला दिली तरी रोजच्या वापरात कळत नाही. बहरीनमध्ये आट्यांचा होल्डर जागोजागी भेटतो. त्यात फेज तळातल्या पत्तीला आणि न्यूट्रल आट्यांना जायला हवी, कारण दिवा फिरवताना बोटं आट्यांच्या जवळ येतात. तारा उलट झाल्या की ते पितळ फेजचं होतं. गावाकडे शिकलेली सवय इथं येऊन घातक ठरते, आणि तिला सवय म्हणून कुणी ओळखतही नाही. हातानं शिकलेली गोष्ट डोक्यापर्यंत यायला वेळ लागतो.

दुसरं एक वाक्य रोज कानावर पडतं: “लायटिंगचाच सर्किट आहे, त्यात काय दम?” एसीच्या, गिझरच्या जाड तारांना सगळे भितात, दिव्याच्या बारीक तारेला कुणी मानत नाही. मी नव्या मुलांना एक भागाकार करायला लावतो. आजचा 7 वॅटचा एलईडी दिवा घ्या आणि 230 नं भागा. उत्तर येतं 0.03 ॲम्पियर, म्हणजे 30 मिलिॲम्पियर. आता आरसीसीबीवर छापलेला आकडा वाचा. तिथंही 30 मिलिॲम्पियर असतं. त्या पातळीची गळती झाली की त्या यंत्रानं वीज तोडायची असते, कारण त्यापुढं हृदयाची लय बिघडण्याची भीती सुरू होते. एवढासा दिवा पेटायला जेवढी वीज लागते, तेवढी माणसाचा जीव घ्यायला पुरते. आणि एमसीबी आपल्याला वाचवेल, हाही भ्रमच. 6 ॲम्पियरच्या एमसीबीला 30 मिलिॲम्पियरचा पत्ताही लागत नाही. ती तारेची राखण करते, माणसाची नाही.

शब्दसुद्धा फसवतात. बहरीनच्या साइटवर सगळ्यांची मिळून जी हिंदी चालते, तिच्यात फेज म्हणजे गरम आणि न्यूट्रल म्हणजे ठंडा. ठंडा म्हटलं की हात सैल पडतो. पण दिव्यातून गेलेली सगळी वीज त्याच ठंड्या तारेतून परत जात असते, आणि ती तार मध्येच तुटली तर दिव्याकडचं टोक तेवढंच गरम होतं. नवीन मुलं टू गँग आणि टू वे यांत गोंधळतात. गँग म्हणजे एका पट्टीवरची बटणं, वे म्हणजे एका बटणाच्या वाटा. इंग्रजी पद्धतीच्या स्विचमागे ‘एल वन’, ‘एल टू’ अशी अक्षरं असतात. ‘एल’ म्हणजे लाइव्ह असं समजून फेज तिथं देणारे मी पाहिले आहेत. जिन्याच्या जोडणीत फेज ‘कॉम’ लिहिलेल्या टोकाला द्यायची असते. आणि जिन्याच्या बटणाला चालू-बंदची बाजूच नसते, हे तर फार थोड्यांच्या लक्षात येतं. घरातलं साधं बटण खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद, हे भारतातही खरं आणि बहरीनमध्येही. टू-वे बटण खाली आहे की वर, यावरून काहीच ठरत नाही, कारण अर्धं उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या बटणापाशी असतं.

या बेटावर रंगांचीही अशीच गल्लत आहे. आपण शिकतो ते असं: लाल, पिवळी, निळी या फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. इंग्रजांकडे पूर्वी हेच होतं. 2004 साली त्यांनी रंग बदलले आणि 2006 च्या एप्रिलपासून नव्या कामाला ते सक्तीचे झाले: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, आणि थ्री फेजमध्ये काळी व करडी याही फेज. म्हणजे जी निळी फेज होती ती न्यूट्रल झाली आणि जी काळी न्यूट्रल होती ती फेज झाली. अमेरिकन रीतीत तर काळी तार पहिल्यापासून फेजचीच. बहरीनमधल्या एकाच इमारतीत, दुरुस्तीच्या वेगवेगळ्या थरांत, मला जुने आणि नवे दोन्ही रंग भेटले आहेत. त्यात आणखी एक खाच आहे. लाल-काळ्या जोडवायरीनं स्विचपर्यंत तार खाली आणली असेल, तर तिथली काळी तार न्यूट्रल नसते. ती स्विचमधून दिव्याकडे परत जाणारी फेज असते. काळी म्हणजे निर्धास्त असं समजून तिला बोट लावलेला एक जुना सहकारी मला आठवतो. तो वाचला, पण त्याच्या अंगठ्यावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

समुद्रावरच्या पुलापलीकडे सौदीत विजेची आवर्तनं सेकंदाला 60, अलीकडे आमच्याकडे 50. 2009 पासून आखाती देशांची वीजजाळी एकमेकांना जोडली जाऊ लागली, तेव्हा हा फरक सांभाळायला सौदीत अल् फधिली इथं एक प्रचंड रूपांतर केंद्र उभारावं लागलं. दोन देशांच्या विजा सरळ एकमेकींना जोडता येत नाहीत, हे मोठ्यांनी ओळखलं. मात्र दोन देशांत शिकलेली माणसं एकाच बोर्डावर काम करतात, तेव्हा त्यांच्यामध्ये असं कुठलंही केंद्र नसतं. तिथं प्रत्येकानं स्वतःच तपासून घ्यायचं असतं.

इथले लोक विजेला कहरबा म्हणतात. पहिल्या वर्षी हा शब्द मला नुसता कामाचा शब्द वाटे. पुढं एका वृद्ध बहरीनी गृहस्थांनी त्याचा अर्थ सांगितला. मूळ शब्द फारसी. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे ओढून घेणारा. काडी ओढणारा तो कहरुबा, म्हणजे अंबर नावाचा पिवळा राळेचा खडा, जो घासला की गवताचे तुकडे ओढून घेतो. संस्कृतात त्याच खड्याला तृणमणी म्हणतात, गवताचा मणी. इलेक्ट्रिसिटी हा शब्दही ग्रीकांच्या त्याच खड्यावरून आला. तीन भाषांतल्या माणसांनी एकच खडा हातात धरला आणि न दिसणाऱ्या शक्तीची पहिली खूण पाहिली: काडी हलली. तेव्हापासून माणूस विजेला तिच्या परिणामावरून ओळखत आला आहे. काडी हलली म्हणजे वीज आहे, दिवा लागला म्हणजे वीज आहे. इथवर ठीक आहे. पण काडी हलली नाही म्हणजे वीज नाही, दिवा विझला म्हणजे वीज नाही, असं आपण उलट्या बाजूनं धरून चालतो, तिथं घात होतो.

टेस्टरचंही तेच आहे. प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या खिशात तो असतो आणि त्यावर आमची देवासारखी श्रद्धा असते. टेस्टरमधला निऑन पेटतो तो आपल्याच अंगातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर. पायाखाली कोरडी लाकडी शिडी असेल, भोवती लख्ख ऊन असेल, तर तो पेटूनही दिसत नाही. टेस्टर पेटला तर सावध व्हा, हे बरोबर. टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त व्हा, हे चूक. म्हणून भरवसा मीटरवर ठेवायचा, आणि तोही आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासायचा, मग जिथं काम करायचं तिथं लावायचा, आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर तपासायचा. या तिसऱ्या पायरीला लोक कंटाळतात. पण मधल्या काळात मीटरच मेला नाही ना, हे तिच्यावाचून कळत नाही.

हे सगळे गैरसमज टिकतात तरी का? अज्ञान म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. आमचं काम उस्तादाच्या हाताखाली शिकलं जातं. उस्ताद दाखवतो, शागीर्द करतो. ‘असं कर’ दिलं जातं, ‘असं का’ दिलं जात नाही, कारण संध्याकाळपर्यंत सहा फ्लॅट संपवायचे असतात. परक्या देशात ‘मला माहीत नाही’ म्हणायला माणूस घाबरतो. घरी कर्ज असतं, व्हिसा मालकाच्या हातात असतो, आणि विचारणारा कच्चा ठरतो असं त्याला वाटतं. मग तो जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो. आरसीसीबी सारखा पडतो, तर तोच खराब असं ठरवून त्याला वळसा घालून तार काढतो. खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं की जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या सर्किटची आणि न्यूट्रल वरच्या सर्किटची दिलेली असते. गेलेली वीज त्याच वाटेनं परत येत नाही, आणि तो हिशेब न जुळल्यामुळे यंत्र प्रामाणिकपणे वीज तोडत असतं. खरं सांगणाऱ्यालाच आपण काढून टाकतो. हे फक्त विजेच्या बोर्डातच घडतं असं नाही.

त्या रात्री आम्ही दिवा बदलून निघालो नाही. मेन बंद केला, बॅटरीच्या उजेडात दोन्ही बोर्ड उघडले. पाइपातून स्प्रिंग घालून नवी तार ओढायला दीड तास गेला. जुना पाइप मध्ये कुठंतरी चेमटला होता. मुलगा वरच्या मजल्यावरून ओढत होता, मी खालून तार सोडत होतो. मग फेज एका स्विचच्या ‘कॉम’ला, दोन तारा दोन स्विचच्या मध्ये, न्यूट्रल त्याच सर्किटची आणि थेट दिव्याला. जोडणी त्यानंच केली. मेन चालू केल्यावर मी त्याला मीटर दिला. त्यानं दोन्ही बटणांच्या चारही जोड्या करून पाहिल्या आणि दिवा विझलेला असताना दर वेळी होल्डरच्या दोन्ही टोकांवर मीटर लावला. मीटर स्वस्थ राहिला. मग त्यानं बोर्डाच्या झाकणामागे एक चिठ्ठी चिकटवली: कुठल्या सर्किटची फेज, कुठली न्यूट्रल, तारीख. पुढं हा बोर्ड जो उघडेल त्याच्यासाठी. तो कुठल्या देशाचा असेल आणि कधी येईल, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी हे एवढं करता येण्यासारखं होतं.

स्विचचं काम दिवा विझवणं नाही. दिव्याला हात लावणाऱ्यापासून फेज दूर ठेवणं, हे त्याचं काम आहे. माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे, की काम संपलं असं म्हणण्याआधी दिवा विझवून होल्डरवर एकदा मीटर लावा. आणि ज्यांच्या घरी आम्ही येतो त्या सगळ्यांना सांगतो: इलेक्ट्रिशियन निघण्याआधी त्याला ही तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा, आणि स्वतः दिवा बदलाल तेव्हा नुसत्या बटणावर विश्वास ठेवू नका. मेन बंद करा, मगच हात लावा.